दीडशे शब्दांतले काका

आमच्या समोरच्या दारातल्या काकांनी गेल्या काही वर्षांत जेवढे प्रश्न विचारले, तेवढे अख्ख्या मुलुंड पूर्वेनं मिळून विचारले नसतील, आणि पहिला एक सोडला तर त्या सगळ्या प्रश्नांत 'का' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. हे मी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून जबाबदारीनं सांगते. मी याद्या करणारी बाई आहे. टाकीची सफाई, लिफ्टवाल्याला फोन, कुणाच्या कुंड्यांचं पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं आणि काम झालं की मी त्यावर रेघ मारते. काकांच्या नावापुढे मात्र मला कधी रेघ मारता आली नाही. त्यांची एक चौकशी मिटवून मी जिना उतरेपर्यंत वरून दुसरी हाक यायची, "सेक्रेटरीबाई, एक माहिती पाहिजे होती."

'का' न विचारण्यामागे नियम होता. माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो, कारण मागता येत नाही. अमुक निर्णयाची प्रत द्या, असं लिहिलं तर ती माहिती झाली. तो निर्णय का घेतला, असं लिहिलं तर तो नुसता प्रश्न झाला, आणि जनमाहिती अधिकारी तो एका ओळीत परत पाठवतो. काकांनी विद्यापीठाला केलेला पहिला अर्ज असाच परत आला होता, कारण त्यात 'का' सोडून फारसं काही नव्हतंच. त्यानंतर त्यांनी तो शब्द अर्जातून काढला आणि हळूहळू तोंडातूनही काढला. दूध उशिरा आलं की आम्ही सगळे दूधवाल्यावर ओरडायचो. काका शांतपणे दारात उभे राहून म्हणायचे, "केंद्रावरून निघाल्याची वेळ आणि आमच्या गेटवर पोचल्याची वेळ, दोन्ही सांग." तो बिचारा म्हणायचा, "काका, टायर पंक्चर झाला ना." "ते मी विचारलेलं नाही," काका म्हणायचे. माझ्या नवऱ्यानं एकदा इतक्या वर्षांची मिशी काढून टाकली, तेव्हा लिफ्टमध्ये त्याच्याकडे नीट बघून काकांनी विचारलं, "मिशी काढण्याचा निर्णय घेणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याचं नाव मिळेल काय?" नवऱ्यानं मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. घरात काकूंनाही यातून सुटका नव्हती. "आमटीत मीठ टाकल्याची नोंद आहे काय?" असा सवाल आला की काकू स्वयंपाकघरातूनच सांगायच्या, "नोंद नाही, मीठ आहे. वरून घ्या. पटत नसेल तर अपिलात जा."

काका मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, म्हणून लहानपणीच लालबागला आले. पुढे औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. एका खोक्यात जेवढ्या बाटल्या म्हटल्या तेवढ्याच गेल्या पाहिजेत, असं आयुष्यभर बघितलेला माणूस. त्यामुळे माहितीच्या अर्जातली ती दीडशे शब्दांची मर्यादा त्यांच्या अंगाला अगदी मापानं शिवल्यासारखी बसली. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा नियम आहे. काका आधी मनातलं सगळं लिहून काढायचे, मग हातात पेन्सिल घेऊन माझ्याकडे यायचे आणि आम्ही दोघं शब्द मोजत बसायचो. मला हे काम मनापासून आवडायचं, कारण फालतू गोष्टी कमी करणं हा माझा स्वभावच आहे. 'कृपया' जायचं, 'सविनय' जायचं, 'आपल्या सुप्रसिद्ध विद्यापीठाच्या' हे तर काका दात ओठ खात खोडायचे. ऑनलाइन अर्ज करा म्हणून मी पुष्कळ सांगितलं, पण त्यांना पोचेचा शिक्का पाहिजे असायचा. कागदावर जांभळा शिक्का पडला की तो वाळेपर्यंत ते त्यावर फुंकर घालत खिडकीशीच उभे राहायचे. मागची रांग खोळंबायची.

आलेल्या उत्तरांना ते लाल पेनानं मार्क द्यायचे. "सदर अभिलेख या शाखेशी संबंधित नाही," याला दहापैकी दोन. "माहिती निरंक समजण्यात यावी," याला शून्य, आणि बाजूला शेरा, 'उत्तर प्रश्नाला धरून नाही.' एकदा कुणी नवा अधिकारी आला असावा. त्यानंही नकारच दिला होता, पण सहा ओळींत, कलमासकट, एकही चूक नसलेलं मराठी लिहून. काका ते पत्र मजल्यावर सगळ्यांना दाखवत फिरले. "पोरगा हुशार आहे. सहा दिले मी. असाच लिहीत राहिला तर पुढच्या खेपेला सात देईन." काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, नाही म्हटलंय त्यानं!" "नाही म्हटलंय, पण नीट म्हटलंय," काका म्हणाले.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते. काका-काकूंना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी होती, रुचिता. आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली, उंच, तिरपी मान करून ऐकणारी, बापाला येता-जाता चिडवणारी. पदवीच्या शेवटच्या परीक्षेला तिला घाटकोपरचं केंद्र आलं होतं. प्रत्येक पेपरला काका तिला सोडायला जायचे आणि पेपर सुटेपर्यंत गेटसमोरच्या रसवाल्याच्या बाकावर दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. ती म्हणायची, "बाबा, लोकांना वाटेल परीक्षा तुमचीच आहे." निकाल लागला आणि बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क असताना एका विषयापुढे 'गैरहजर' असं आलं. नापास झाली असती तर दोन दिवस रडून पुन्हा बसली असती. पण जिथं आपण तीन तास बसून हात दुखेपर्यंत लिहिलं, तिथं आपण नव्हतोच, हे तिला गिळताच येईना. तिनं तक्रार अर्ज दिला. या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरली. लागलेली नोकरी निकालासाठी थांबली आणि मग थांबेनाशी झाली. त्याच दिवसांत तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग दवाखान्यात हलवलं, मग काचेच्या पलीकडे. शेवटी शेवटी ग्लानीत ती बापाला एकच विचारत होती, "बाबा, मी होते ना तिथं?" काका म्हणायचे, "होतीस. मी गेटवर होतो ना. बघितलंय मी." पुन्हा थोड्या वेळानं तेच. एकदा तर तिनं असं विचारलं की काकांना कळलं, तिचं तिलाच आता नक्की वाटत नाहीय. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर काकांनी पहिला अर्ज लिहिला. त्यांना मार्क नको होते, पदवी नको होती, भरपाई वगैरे तर कुणी म्हटलेलंही खपायचं नाही. त्यांना एवढंच पाहिजे होतं की आपली मुलगी त्या दिवशी त्या वर्गात बसली होती, हे विद्यापीठाच्या कागदावर कुठंतरी दिसावं. पेपरला बसणारं प्रत्येक मूल वर्गात हजेरीपटावर सही करतं. तो हजेरीपट त्यांना बघायचा होता. आमच्या सोसायटीच्या सभेतही तेव्हापासून त्यांनी एक खूळ काढलं. हजेरीच्या वहीत येताना एक सही आणि जाताना एक सही, असे दोन रकाने पाहिजेत. "आलेला माणूस आला होता आणि शेवटपर्यंत बसला होता, याची खूण राहिली पाहिजे," म्हणाले. चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर वैतागले. "काका, ही काय लोकसभा आहे?" पण मी रकाना आखला. सभासद कुरकुरत सही करतात, अजूनही करतात.

वर्षं जात राहिली. अर्ज जायचा, मुदत संपायची, अपील जायचं, सुनावणीची तारीख लागायची आणि पुढं ढकलली जायची. एकदा काकू माझ्या देखत म्हणाल्या, "तुमच्या त्या अर्जानं पोर परत येणार आहे?" काका चष्मा पुसत होते. म्हणाले, "ती माहिती उपलब्ध नाही." मला हसू आलं आणि त्याच क्षणी आपण हसलो म्हणून कसंतरी झालं. काकू मात्र हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. भाजी चिरत होत्या, ती चिरत राहिल्या.

मग ते पत्र आलं. त्या आधीचा अर्ज आम्ही दोघांनी बसून कापला होता. तरीही शब्द जास्त होत होते. 'माझी दिवंगत मुलगी' या शब्दांवर काकांनी पेन्सिल ठेवली आणि 'दिवंगत' खोडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्यांना हजेरीपट शोधायला ते कळायची गरज नाही." आता गंमत अशी की कायद्यात बाप म्हणजे अर्जदार आणि मुलगी म्हणजे त्रयस्थ व्यक्ती. दुसऱ्या कुणाची माहिती द्यायची तर त्या माणसाला आधी विचारावं लागतं, तुमची हरकत आहे का. अर्जात ती गेल्याचा उल्लेख नव्हता. म्हणून विद्यापीठानं अगदी नियमानुसार, रजिस्टर पोस्टानं, रुचिताला पत्र पाठवलं.

पोस्टमन नवा होता. मी त्या वेळी जिन्यातल्या ट्यूबलाइटचं बघत होते. काकूंनी दार उघडलं. "रुचिता मॅडम आहेत? सही पाहिजे त्यांची." काकू दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. पण काकू म्हणाल्या, "ती घरात नाही. मी आई आहे. मी केली तर चालेल?" तो म्हणाला, "चालेल ना मावशी, काय त्यात." त्यांनी सही केली. पत्रात लिहिलं होतं की आपले वडील यांनी आपल्या परीक्षेतील उपस्थितीबाबत माहिती मागितली असून, ती देण्यास आपली हरकत असल्यास दहा दिवसांत लेखी कळवावे. काकांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "काका, मी कळवते त्यांना. मृत्यूचा दाखला जोडून दोन ओळी..." "थांब गो बाय," काका म्हणाले. "तिला विचारलंय. आपण मध्ये बोलायचं नाही."

काकूंनी ते पत्र रुचिताच्या फोटोसमोर ठेवलं. रोज फूल ठेवायच्या तेव्हा ते थोडं बाजूला सरकवायच्या आणि पुन्हा जागेवर ठेवायच्या. इतक्या वर्षांत त्या काकांच्या या उद्योगात पहिल्यांदाच सामील झाल्या होत्या. एका संध्याकाळी मी वाटी परत द्यायला गेले, तर दोघं त्याच विषयावर बोलत बसलेले. "हरकत घेईल असं वाटत नाही," काका म्हणत होते. "तुम्हाला काय ठाऊक? लहानपणी तुम्ही तिची चिठ्ठी वाचलीत तर आठवडाभर बोलली नव्हती तुमच्याशी." "ती मैत्रिणीची चिठ्ठी होती. हा हजेरीपट आहे." "तरी पण," काकू म्हणाल्या आणि फोटोकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. त्या घरात हसू आलेलं मी किती दिवसांनी ऐकलं, ते आठवून बघितलं तरी आठवेना. मुदत संपल्यावर काकांनी एका ओळीचं पत्र लिहिलं. त्यात खोडायला काही नव्हतं. 'त्रयस्थ व्यक्तीकडून विहित मुदतीत कोणतीही हरकत प्राप्त झालेली नाही.'

त्यानंतर अभिलेख तपासायला या, म्हणून बोलावणं आलं. काकू मला म्हणाल्या, "तू जा गं ह्यांच्याबरोबर. हे तिथं कुणाला मार्क द्यायला लागतील." मी तयारीनिशी निघाले. आधार कार्ड, सगळी पत्रं तारखेनुसार, दोन पेनं, भिंग, पाण्याची बाटली, बिस्किटं. काकांनी फक्त चष्मा घेतला. दोन बस बदलून आम्ही परीक्षा भवनात पोचलो. ज्या बाईंकडे आम्हाला पाठवलं त्या माझ्याच वयाच्या होत्या. टेबलाखाली चपला काढून बसलेल्या, अर्धवट उघडा डबा बाजूला. "बसा काका. चहा मागवू?" "कागद तपासायचा पहिला तास मोफत असतो," काका म्हणाले, "तो चहात घालवायचा नाही." बाई हसल्या आणि त्यांनी एक गठ्ठा पुढे ओढला. त्यावर गोवंडीच्या केंद्राचं नाव होतं. काका लगेच म्हणाले, "आमचं केंद्र घाटकोपर." "तेच तर सांगते," बाई म्हणाल्या. "घाटकोपरला त्या दिवशी जागा कमी पडली, म्हणून शेवटचे काही नंबर वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवले. त्या खोलीचा वेगळा हजेरीपट केला. तो इथं आल्यावर चुकून गोवंडीच्या गठ्ठ्यात बांधला गेला. कुणी मुद्दाम केलेलं नाही हो, काका."

गठ्ठा त्यांनी आमच्याकडे वळवला. रुचिताच्या नंबरासमोर तिची सही होती. तिरपी, शेवटचं अक्षर घाईत वर गेलेलं, जशी ती सोसायटीच्या पावतीवर आईच्या वतीनं करायची. काकांनी भिंग घेतलं नाही. बोटही लावलं नाही. नुसते बघत राहिले. मी विचारलं, "मग त्या खोलीतल्या बाकीच्या मुलांचं काय झालं?" बाईंनी एक फाइल चाळली. "त्यांचेही तक्रार अर्ज आले होते. सगळ्यांना पडताळणीला बोलावलं, ओळख पटवली, उत्तरपत्रिका शोधल्या, निकाल सुधारून दिले. हिलाही बोलावलं होतं. मोबाइलवर मेसेज गेलाय, इथं नोंद आहे." पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली आणि मग हळू आवाजात वाचली. "उमेदवार पडताळणीस गैरहजर. प्रकरण बंद."

काकांनी तारीख विचारली. बाईंनी सांगितली. काका म्हणाले, "बरोबर आहे. त्या दिवशी गैरहजरच होती." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्या उठल्या, स्वतः झेरॉक्स काढून आणली, तिच्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारला आणि सही केली. प्रतीचे पैसे मी देऊ लागले तर नको म्हणाल्या. निकालात दुरुस्ती करायची तर त्याचा फॉर्म वेगळा, मी भरायला मदत करते, असंही म्हणाल्या. काका म्हणाले, "नको. मला पाहिजे होती ती माहिती मिळाली." शिक्क्याची शाई अजून ओली होती. फुंकर घालायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

बाहेर आवारात एका झाडाखालच्या बाकावर आम्ही बसलो. मी बिस्किटांचा पुडा फोडला. इतकी वर्षं काकांनी मनात कुणीतरी धरून ठेवलं असणार. कुणी पैसे खाणारा, कुणी डूख धरणारा, कुणी उर्मट साहेब. आत तसं कुणीच निघालं नाही. एक बांधताना चुकलेला गठ्ठा निघाला आणि एक चांगली बाई निघाली. काकांनी प्रत मांडीवर ठेवली होती, पूर्वी डबा ठेवायचे तशी. मग ते म्हणाले, "कित्याक गो?" गावाकडचा, लहानपणचा 'का'. ते विद्यापीठाला विचारत नव्हते, मलाही विचारत नसावेत. माझ्याकडे एरवी प्रत्येक गोष्टीची तोड असते, पुढं काय करायचं याची यादी तयार असते. मी पुडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक बिस्किट घेतलं आणि ते हातातच धरून बसले.

त्यानंतर काकांनी अर्ज केलेला नाही. आता ते सारखे 'का' विचारतात. दूध उशिरा का आलं, लिफ्ट बंद का, पारिजातकाला यंदा फुलं कमी का. आणि पूर्वीसारखं "ते मी विचारलेलं नाही" म्हणत नाहीत. दूधवाला टायरची गोष्ट अगदी खिळ्यापासून सांगतो, तर दाराशी उभं राहून सगळी ऐकून घेतात आणि "बरं" म्हणतात. एखाद्या गोष्टीला साधं कारण असतं, हे ऐकून त्यांना बरं वाटत असावं. काकू त्यांना मीठ जास्त का पडलं तेही सांगतात. ती प्रत त्यांनी कुठं ठेवली आहे ते मी विचारलेलं नाही.

परवा सोसायटीची सभा झाली. पाण्याच्या मीटरवरून बरीच भांडणं झाली, काका शेवटपर्यंत मागच्या खुर्चीत बसून होते आणि सभा संपल्यावर सरळ वर निघून गेले. वही आवरताना बघते तर त्यांच्या नावापुढे येतानाची सही होती आणि जातानाची नव्हती. ज्यांच्यासाठी तो रकाना आखला, त्यांचाच रिकामा. मी वही आणि पेन घेऊन वर गेले. "काका, जातानाची सही राहिली." त्यांनी दारातूनच वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का गो? मी होतो ना तिथं? बघितलंस ना तू?"

"बघितलं," मी म्हटलं, आणि तो रकाना तसाच ठेवून वही मिटली.